"कोणी ऐकतच नाही" म्हणणाऱ्या दादांना

दादा, आधी सॉरी, तुमची कमेंट शनिवारची आणि उत्तर आज देतेय, मध्ये ऑफिस आणि बर्फ दोन्ही होतं. मी मागे डेट्रॉइटकडच्या कॅथलिक रेडिओवर लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की हे स्टेशन्स कोणी ऐकत नाही कारण रेटिंगच्या यादीत नावच नसतं, 'लोकल' म्हणवतात पण माल सगळा अलाबामाहून सॅटेलाइटने येतो, आणि फादर कॉफ्लिनचा, म्हणजे १९३०च्या दशकात इथून रेडिओ गाजवणाऱ्या वादग्रस्त कॅथलिक धर्मगुरूचा, विषय मी सोयीस्करपणे टाळला. शिवाय मी हिंदू बाई असून मला ह्यात काय पडलंय. तर रोज पन्नास मिनिटं ड्राइव्ह आहे आणि गाडी जुनी आहे, तिच्यात रेडिओच लागतो, एवढंच.

कॉफ्लिनपासून सुरू करते कारण तिथे तुम्ही बरोबर आहात, टाळला मी. डेट्रॉइटशेजारच्या रॉयल ओकच्या चर्चमधून १९२६ मध्ये डब्ल्यूजेआर ह्या डेट्रॉइटच्या स्टेशनवर बोलायला लागला तेव्हा मुलांना धर्मशिक्षण देत होता, मग मंदी आली, राजकारण सुरू झालं, कोट्यवधी लोक ऐकायला लागले आणि १९३८ पर्यंत ज्यूंविरुद्ध उघड उघड गरळ ओकणं चालू. पण स्टेशन त्याचं नव्हतं हो! कमर्शियल स्टेशन्सवर वेळ विकत घ्यायचा. १९३१ मध्ये सीबीएस ह्या देशभरच्या रेडिओ नेटवर्कने हात झटकले तर एकेक स्टेशन गाठून स्वतःचं नेटवर्क उभं केलं, आणि १९३९ मध्ये ब्रॉडकास्टर्सच्या संघटनेने वादग्रस्त वक्त्यांना वेळ विकण्यावर बंधनं आणली तेव्हा पुढच्या वर्षी रेडिओवरचा आवाज बंद. म्हणजे एका गावातून अख्ख्या देशाशी बोलणारा माणूस. मी लिहीत होते ते बरोबर उलटं, गावातल्या गावात ऐकणाऱ्यांबद्दल.

आता रेटिंग. इथे मात्र तुमचं चुकतंय. नील्सनवाले, म्हणजे रेटिंग मोजणारी कंपनी, ठरावीक लोकांना एक छोटं यंत्र अंगावर बाळगायला देतात, स्टेशनच्या आवाजात कानाला न कळणारा कोड मिसळलेला असतो, तो यंत्र पकडतं. ज्या स्टेशनने तो कोड लावलेलाच नाही ते यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही, आणि लोकांपुढे जे आकडे येतात त्यातही पैसे भरणाऱ्या ग्राहक स्टेशन्सचीच नावं असतात. यादीत नाव नाही म्हणजे श्रोते नाहीत असं कसं होईल? श्रोते थोडे असतील, हे मी बिनशर्त मान्य करते. पण रेटिंग लागतं जाहिरातदाराला दाखवायला, आणि हे लोक चालतात देणग्यांवर. देणगी मोहिमेचा आठवडा एकदा ऐका तुम्ही, मला तर आपल्या गणपतीच्या वर्गणीची आठवण येते, अमुक गावच्या आजींकडून वीस डॉलर, त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना करा, लगेच पुढचा फोन. दहा हजार लोकांनी येताजाता ऐकलं काय नि पाचशे जणांनी दरमहा पैसे पाठवले काय, स्टेशनचं लाइट बिल ह्या पाचशे जणांकडूनच भरलं जातं.

सॅटेलाइटचं अर्धं मान्य. मदर अँजेलिका नावाच्या ननने १९८१ मध्ये अलाबामात चालू केलेलं ईडब्ल्यूटीएन हे कॅथलिक नेटवर्क रेडिओ स्टेशन्सना कार्यक्रम फुकट देतं, मग कोण स्वतःचे बनवत बसणार. पण नेमकं आमच्याकडे उलटंही होतं. अ‍ॅन आर्बरचं अ‍ॅव्हे मारिया रेडिओ, ज्याच्यामागे डॉमिनोजवाले टॉम मोनॅहन होते (पिझ्झाचं पहिलं दुकान १९६० मध्ये शेजारच्या इप्सिलांटीत, बघा म्हणजे चीज कुठून कुठे गेलं), तिथे तयार झालेला टेरेसा टोमेओंचा सकाळचा शो ईडब्ल्यूटीएनवरून देशभर जातो. अल क्रेस्टा वर्षानुवर्षं तिथूनच दुपारचा शो करायचे, २०२४ मध्ये गेले. तेव्हा माल फक्त येतो असं नाही, जातोही.

आणि खरं लोकल कुठे असतं सांगू का, दोन कार्यक्रमांच्या मधल्या तीस सेकंदांत. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस चालत नाही, तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये फिश फ्राय असतो, तो कुठल्या चर्चमध्ये आणि किती वाजता, हे अलाबामाहून कोण सांगणार?

माझी एक वसईची मैत्रीण आहे इथे. तिच्या सासूबाई दुपारी किचनमध्ये ९९० एएम, म्हणजे हेच अ‍ॅव्हे मारिया, लावून भाजी निवडत बसतात. इंग्रजी त्यांना जेमतेम, पण जपमाळ लागली की रेडिओ इंग्रजीत अर्धी प्रार्थना म्हणतो आणि ह्या उरलेली अर्धी मराठीत, एकदाही ताल चुकत नाही, मी समोर बसून पाहिलंय. तुमच्या यादीत त्या नाहीत, नील्सनच्याही नाहीत. डिसेंबरात पाचलाच अंधारतं, एएमच्या लहरी रात्री लांबवर जाऊन दुसऱ्या स्टेशन्सवर चढतात म्हणून अशा स्टेशन्सना सूर्यास्तानंतर पॉवर उतरवायला लागते, की मग ह्यांच्या किचनमध्ये नुसती खरखर. सुनेने मोबाइलवर अ‍ॅप घालून दिलं तर म्हणाल्या, राहू दे, खरखर आली की मला कळतं चहा टाकायची वेळ झाली.