‘एक फीचर जरी बंद ठेवलं तरी ते ओपन सोर्स नाही’? जरा थांबा

डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या टूलमधलं एक फीचर जरी पैशांमागे ठेवलं तरी ती फसवणूक, कमवायचं तर लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीसारखा सपोर्ट विका, आणि कुठलं फीचर बंद ठेवायचं याला नियम वगैरे काही नसतो, सेल्सवाल्यांच्या मनात येईल ते.

आधी रेड हॅट. तिथे पैसे मोजले जातात ते तपासून बांधलेल्या आवृत्तीचे आणि वर्षानुवर्षं येत राहणाऱ्या सिक्युरिटी अपडेट्सचेही, नुसत्या सपोर्टचे नाहीत. जून २०२३ मध्ये तर आरएचईएलचा, म्हणजे आपल्या लिनक्स आवृत्तीचा, सोर्स कोड सरसकट सगळ्यांना देणं कंपनीने थांबवलं; बाहेरच्यांसाठी उरला सेंटओएस स्ट्रीम, म्हणजे आरएचईएलची पुढची आवृत्ती जिथे घडते तो खुला भाग. ज्याचा दाखला देताय, त्यानेच कुंपण घातलंय. शिवाय डेव्हलपर टूलचा ग्राहक अडला की टूलच्या इश्यूंमध्ये (नोंदवलेल्या अडचणींच्या यादीत) शोधतो, सोर्स उघडून बसतो. सपोर्टला फोन करणं ही त्याची शेवटची पायरी. आणि सपोर्टवरच पोट असेल तर टूल सोपं करायची घाई कोणाला असणार?

फसवणुकीचं म्हणाल तर ती लपवाछपवीत असते. गिटलॅब हे टीमने मिळून कोड लिहायचं टूल. त्याच्या रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, ‘ईई’ नावाचं फोल्डर आहे. त्यातला कोड कोणीही वाचू शकतो, पण प्रत्यक्ष वापरायला सबस्क्रिप्शन लागतं. त्या फोल्डरबाहेरचा मुख्य कोड एमआयटी लायसन्सखाली, म्हणजे कोणीही वापरा, बदला. यात अंधारात कोण राहिलं?

नियम नसतो हा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा, कारण गिटलॅबने नियम चक्क लिहून ठेवलाय: फीचरची गरज सगळ्यात जास्त कोणाला, ते बघायचं. कोड लिहिणाऱ्याला असेल तर फुकट. मॅनेजर, डायरेक्टर किंवा त्याच्याही वरच्याला असेल तर पैसे. मर्ज रिक्वेस्टवर (‘माझा बदल मुख्य कोडात घ्या’ या विनंतीवर) अप्रूव्हल देता येणं फुकट आवृत्तीत आहे. ‘दोघांच्या अप्रूव्हलशिवाय मर्ज नाही’ अशी सक्ती हवी असेल तर प्रीमियम हा पैशांचा प्लॅन. सक्ती डेव्हलपर कधी मागत नाही, ती मागतो त्याचा साहेब! आणि हा नियम कंपनीवरही उलटतो. मार्च २०२० मध्ये याच कसोटीवर त्यांनी १८ फीचर्स खुल्या भागात हलवायचं जाहीर केलं.

नियम मोडला की काय होतं तेही पाहिलंय. ऑक्टोबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या डॉटनेट ६ या ओपन सोर्स प्लॅटफॉर्मच्या ‘डॉटनेट वॉच’ कमांडमधून हॉट रीलोड (प्रोग्राम चालू असतानाच कोडमधला बदल लागू करणं) काढून ते व्हिज्युअल स्टुडिओ या स्वतःच्या एडिटरपुरतं ठेवायचं ठरवलं. प्रीव्ह्यूमध्ये, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत, लोक ते आधीच वापरत होते. एवढा आरडाओरडा झाला की काही दिवसांत कोड परत आला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

डेटा साठवून त्यात शोध घेणाऱ्या इलॅस्टिकसर्चची (कंपनी इलॅस्टिक) चूक वेगळ्या जातीची. लॉगिन आणि टीएलएस (नेटवर्कवरून जाणारा डेटा कुलूपबंद करणं) बरीच वर्षं पैशांच्या भागात होतं. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो सर्व्हर पुसले गेले आणि जागी खंडणीची चिठ्ठी आली. सर्व्हर उघडा ठेवणाऱ्याचा दोष आहेच. पण कुलूपच विकत घ्यावं लागत असेल तर उघडी दारं वाढणारच. मार्च २०१९ मध्ये ॲमेझॉनने ओपन डिस्ट्रो या इलॅस्टिकसर्चच्या आपल्या आवृत्तीतून सुरक्षा फुकट देऊ केली, आणि मे महिन्यात इलॅस्टिकनेही मूलभूत सुरक्षा मोफत केली.

त्यामुळे भांडायचंच असेल तर फीचर बंद ठेवण्यावरून नको, रेघ कुठे मारली यावरून भांडा. साहेबाच्या सोयीचं असेल ते खुशाल विका. एकदा हातात दिलेलं काढून घेऊ नका, आणि सुरक्षेला हात लावू नका. सिंगल साइन-ऑनवर (कंपनीच्या एकाच खात्याने सगळीकडे लॉगिन) दोन्ही गोष्टी एकमेकींवर येतात, कारण ते साहेबालाही हवं असतं आणि सुरक्षेलाही. स्वतःच्या सर्व्हरवरच्या गिटलॅबमध्ये एलडॅपने, म्हणजे कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या खात्यांच्या यादीवरून, लॉगिन फुकट आहे. एलडॅपमधल्या ग्रुपनुसार परवानग्या आपोआप हव्या असतील तर प्रीमियम. माझ्या मते रेघ तिथेच हवी. लॉगिनलाच सगळ्यात महागड्या प्लॅनमध्ये कोंबणारी टूल्स आजही ढिगाने आहेत, त्यांच्यावर लिहा की मजकूर.