सर्वोत्तम अली आणि अलीची सर्वोत्तम लढत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मुहम्मद अली या बॉक्सरची सर्वोत्तम कामगिरी म्हणजे किन्शासातली (तेव्हाचं झाईर, आजचं काँगो) लढत, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली आणि उत्तर लिहिण्याआधी किन्शासाची लढत पहिल्या घंटेपासून पुन्हा पाहिली. तुमचं म्हणणं असं : 30 ऑक्टोबर 1974 ला तेव्हाचा जगज्जेता जॉर्ज फोरमन याला अलीने हरवलंच नाही, उकाड्याने, रिंगच्या सैल दोरांनी आणि फोरमनच्या स्वतःच्या आडदांडपणाने हरवलं. अलीची खरी कामगिरी म्हणजे 14 नोव्हेंबर 1966, ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम स्टेडियम, समोर क्लीव्हलंड विल्यम्स. शिवाय शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘तुम्ही लढत पाहत नाही, दंतकथा पाहता.’ हे मला लागलं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी माझी चूक. फोरमन तोवर चार फेऱ्यांपुढे कधी गेलाच नव्हता, असं मी लिहिलं होतं. ते साफ चुकीचं आहे. एकट्या ग्रेगोरियो पेराल्टाविरुद्धच तो दोनदा, 1970 आणि 1971 मध्ये, दहाव्या फेरीपर्यंत लढला होता. तुम्ही दाखवून दिलंत, मी दुरुस्ती केली आहे. खरं आहे ते एवढंच, की किन्शासाआधीच्या त्याच्या सलग आठ लढती दोन फेऱ्यांच्या आत संपल्या होत्या. हरलेल्या त्या आठ जणांत जो फ्रेझर आणि केन नॉर्टन हे दोघेही होते. या दोघांनी अलीला हरवलेलं होतं, नॉर्टनने तर त्याचा जबडा मोडला होता. फोरमनने फ्रेझरला किंग्स्टनमध्ये सहा वेळा खाली पाडलं. पंचवीस वर्षांचा, चाळीस लढतींत एकही हार नसलेला हा माणूस बत्तीस वर्षांच्या अलीसमोर उभा होता.

आता विल्यम्स. त्या लढतीबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यातल्या बहुतेक शब्दांवर मी सही करेन. मागे सरकता सरकता समोरच्याला खाली पाडणारा हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटातला बॉक्सर, मी दुसरा पाहिलेला नाही. माणूस मागे जात असला की त्याच्या ठोशात वजन उरत नाही, असं प्रत्येक तालमीत शिकवतात. अलीने दुसऱ्या फेरीत विल्यम्सला तीनदा लोळवलं, त्यात हा नियम जागच्या जागी खोटा पडतो. तिसऱ्या फेरीत रेफरीने लढत थांबवली. 1966 चा अली 1974 च्या अलीपेक्षा कितीतरी चांगला बॉक्सर होता, याबद्दल आपल्यात वादच नाही.

पण सर्वोत्तम अली कोणता हा एक प्रश्न झाला आणि अलीची सर्वोत्तम कामगिरी कोणती हा दुसरा. तुम्ही पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला जोडताय. विल्यम्सला दोन वर्षांपूर्वी पोलिसाची गोळी लागली होती, एक मूत्रपिंड काढावं लागलं होतं आणि गोळी अंगातच राहिली होती. ‘तरीही तो लढायला उभा होता ना,’ असं तुम्ही म्हणता. होता, आणि त्यासाठी मी त्याला मानतो. तरी त्या लढतीत अलीला एकही अडचण आली नाही. त्याने ठरवलं ते सगळं घडलं. ठरवलेलं काहीच चालेनासं झाल्यावर माणूस काय करतो, हे ह्यूस्टनमध्ये दिसूच शकत नव्हतं.

किन्शासात ते पहिल्याच फेरीत दिसतं. त्या फेरीत अलीने लीड राइट वापरला, पुन्हा पुन्हा वापरला. उजव्या हाताच्या बॉक्सरचा डावा हात पुढे असतो आणि उजवा मागे हनुवटीपाशी. जॅबने, म्हणजे डाव्या हाताच्या झटपट सरळ ठोशाने, वाट न करता थेट उजवा मारायचा म्हणजे तो लांबून येणार, समोरच्याला दिसणार आणि तोवर आपली उजवी बाजू उघडी पडणार. म्हणून पट्टीच्या बॉक्सरवर कोणी तो सहसा वापरत नाही. फोरमनच्या सरावात कोणी त्याला तो मारलाच नसणार. ते ठोसे लागले, स्वच्छ लागले. पण फोरमन थांबला नाही. तो रिंग कापत पुढे येत राहिला, अलीची प्रत्येक वाट अडवत. रिंगचा पृष्ठभाग मऊ होता, पाय रुतत होते. असंच पंधरा फेऱ्या नाचायचं तर पाय सहाव्या-सातव्या फेरीतच संपतील, हे अलीला कळलं असणार.

मधे विश्रांती एका मिनिटाची. दुसऱ्या फेरीत अली आपण होऊन दोरांना जाऊन टेकला.

हा डाव आधीच ठरलेला होता, असं तुम्ही गृहीत धरलंय. मग अँजेलो डंडी, त्याचा स्वतःचा ट्रेनर, दोरांपासून बाजूला हो म्हणून जीव तोडून का ओरडत होता? त्याच्या कॉर्नरलाच, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यातल्या त्याच्या साथीदारांनाच, हा बेत माहीत नव्हता. फोरमनसमोर दोरांवर जाणं म्हणजे आत्महत्या, असं तिथे सगळेच समजत होते, कारण दोरांवर सापडलेल्या माणसाचं फोरमन काय करतो हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. माझ्या लेखी अलीच्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण हाच, आठव्या फेरीतला नॉकआउटसुद्धा त्यानंतरचा.

दोरांबद्दल. ते सैल होते, मान्य. डंडीने मुद्दाम सैल केले असा आरोप आजही होतो. आपण उलट ते आवळले होते आणि दमट हवेने ते पुन्हा ढिले पडले, असं डंडीचं म्हणणं. समजा मुद्दाम केलं असतं, तरी ढिला दोर अलीला डोकं मागे न्यायला जागा देतो, ठोसा काही अडवत नाही. तो अडवला अलीच्या कोपरांनी आणि हातांनी. बरगड्यांवर जे बसले ते बसलेच.

पाचवी फेरी थांबवून थांबवून पाहा. फोरमन सगळं बळ एकवटून मारतोय, दोन्ही बाजूंनी, रुंद वळणाचे ठोसे. अलीचे ग्लोव्ह गालांना चिकटलेले, कोपरं पोटाशी, पाठ दोरावर कललेली. फोरमन जवळ आला की अली डावा हात त्याच्या मानेमागे टाकून डोकं खाली दाबतो आणि अंगाचा भार त्याच्यावर सोडतो. फोरमनची सवय होती हात लांब करून समोरच्याला ढकलायचं आणि अंतर मिळालं की हाणायचं. मान धरली की ते अंतरच मिळत नाही. फेरी संपता संपता अली दोरांवरूनच सरळ ठोसे सोडतो, एकामागून एक, आणि फोरमनचं डोकं मागे हेलकावतं. ज्याला तुम्ही ‘मार खाणं’ म्हणता ते हे. लढत संपली तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांवर अली पुढे होता.

उकाडा दोघांनाही सारखाच होता, आणि अमेरिकेतल्या प्रक्षेपणासाठी पहाटे चारला उभं राहणंही. अली सात वर्षांनी मोठा, एवढाच फरक. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. सप्टेंबरमध्ये सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली, लढत पुढे ढकलली गेली आणि त्याचा सराव अडला. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

पण आडदांडपणाचं कारण मला पटत नाही. फोरमन मूर्ख नव्हता. 1994 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी मायकल मूररविरुद्ध तो गुणांवर मागे असूनही शांत राहिला आणि दहाव्या फेरीत एका उजव्याने जगज्जेतेपद परत मिळवलं. दम राखायचं मोल त्याला किन्शासातच कळलं, असं मला वाटतं. 1974 मध्ये त्याला दम राखायची वेळ कोणी बराच काळ आणलीच नव्हती. अलीने आणली.

मनिलातल्या 1975 च्या अली-फ्रेझर लढतीचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, मीही ओझरतंच लिहितो. ती फ्रेझर आणि अली दोघांची लढत आहे. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरचा ट्रेनर एडी फच याने फ्रेझरला उठू दिलं नाही. त्यातून एकट्या अलीची कामगिरी वेगळी काढणं मला जमत नाही.

राहिला आठव्या फेरीतला शेवट. रेफरीने अंक घाईने मोजले ही फोरमनची तक्रार जुनी आहे. तो उठत होता हे खरं. पण त्याआधी अली दोरांवरून सुटून बाहेर येतो, डावा हूक, म्हणजे वळणाचा ठोसा, फोरमनचा चेहरा वर आणतो आणि उजवा सरळ त्यावर बसतो. फोरमन गोल फिरत खाली जातो. अलीचा उजवा पुन्हा ताणलेला असतो, पण तो मारत नाही, फक्त पडणाऱ्या फोरमनभोवती फिरत राहतो.

एक विनंती. पाचव्या फेरीचं शेवटचं अर्धं मिनिट समालोचन बंद करून पाहा, आणि फक्त फोरमनचे पाय पाहा. मीही विल्यम्सची दुसरी फेरी पुन्हा पाहतो. त्यातला नेमका कोणता ठोसा तुम्हाला सर्वांत मोठा वाटतो ते कळवा, तिथून पुढे बोलू.