निळा स्क्रीन, लाल शेरा

पोरीच्या जर्नलवर लाल शाईत शेरा: ‘रिपीट’. सी भाषेतला प्रोग्रॅम चालतो, उत्तर बरोबर, मार्जिनसुद्धा पट्टीने आखलेली. तरी रिपीट. कारण विचारायला मी लॅबमध्ये गेलो. हौस, दुसरं काय!

इनचार्ज सरांनी प्रिंटआउट उजेडात धरला.

"कशात केलंय हे?"

"जीसीसीत." म्हणजे आजचा कंपायलर, सी प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारा.

"तेच. स्क्रीन निळा नाहीये." निळा स्क्रीन म्हणजे टर्बो, लॅबमधला जुना कंपायलर.

"सर, प्रिंट ब्लॅक अँड व्हाइट आहे."

"असू दे. एक्स्टर्नलना कळतं."

"कसं?"

"अनुभव." मग त्यांचं बोट खाली सरकलं. "व्हॉइड मेन कुठंय? शेवटी गेटसीएच कुठंय?"

"गेटसीएच कशाला?"

"की दाबेपर्यंत आउटपुट थांबायला."

"टर्मिनलवर आउटपुट थांबलेलंच असतं. कुठं जात नाही."

"ते आपोआप थांबतं. आपण थांबवायला नको?"

यावर काय बोलणार! मी म्हटलं, 1989 च्या अ‍ॅन्सी स्टँडर्डपासून मेन, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते फंक्शन, इंटच (पूर्णांक) परत करतं, व्हॉइड (काहीच नाही) नव्हे.

"आणि आपलं टर्बो 1991 चं," सर प्रसन्न हसले. "म्हणजे नंतरचंच की."

बोरलँडचं टर्बो सी++ 3.0 खरंच 1991 चं आहे, आणि त्या काळात ते झकास होतं. एका खिडकीत एडिटर, कंपायलर, डीबगर. जुन्या मशीनवरही झरझर चालायचं. भांडण त्याच्याशी नाही. पण सी++ चं पहिलं आयएसओ स्टँडर्ड आलं 1998 ला. म्हणून टर्बोला नेमस्पेस (नावांचे गट) माहीत नाही, व्हेक्टर (हवी तशी वाढणारी यादी) माहीत नाही, इनपुट-आउटपुटच्या आयओस्ट्रीमला मागे ‘डॉट एच’ लावावं लागतं. इंट दोन बाइटचा, 32767 ला संपतो. रोज 200 रुपये, 200 दिवस, असा गुणाकार इंटमध्ये करा: मजुरी येते उणे 25536. म्हणजे मजुरानेच मालकाला पैसे द्यायचे. 200 बाय 200 चा इंट अ‍ॅरे घेतला तर 80,000 बाइट होतात, मेमरीचा एक तुकडा, म्हणजे सेगमेंट, 65,536 चा, त्यामुळे ‘अ‍ॅरे साइझ टू लार्ज’. लाँग लिहा, अ‍ॅरे लहान करा, गप्प बसा.

शिवाय 64-बिट विंडोज टर्बोसारखे 16-बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही, त्यामुळे मध्ये डॉसबॉक्स आला, जुन्या डॉसची नक्कल करणारा. त्यात खरी गंमत. टर्बोमध्ये कंट्रोल-एफ9 म्हणजे रन. साध्या डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ9 म्हणजे डॉसबॉक्सच बंद. एफ2 दाबून सेव्ह केलं नसेल तर तासाभराचं टायपिंग गंगेला मिळालं. उपाय: ऑल्ट-आर दाबून रन मेनूतून चालवा, किंवा कंट्रोल-एफ1 ने कीमॅपर उघडून ती की बदला. ही ओळ लॅबच्या भिंतीवर हवी. भिंतीवर आहे ‘चपला बाहेर काढा’.

घरच्या मशीनवर विंडोज असेल तर एमएसवायएस2 (विंडोजवर जीसीसी मिळवून देणारा संच) टाका, त्यातल्या पॅकमन या इन्स्टॉलरने यूसीआरटी64 वालं जीसीसी घ्या आणि सी ड्राइव्हवरच्या एमएसवायएस64 मधल्या यूसीआरटी64 चं ‘बिन’ फोल्डर पाथमध्ये, म्हणजे विंडोज कमांड जिथं शोधतं त्या यादीत, घाला. तरीही ‘जीसीसी इज नॉट रेकग्नाइज्ड’ आलं तर बहुतेकदा जुनीच कमांड विंडो उघडी असते. बंद करून नवी उघडा. कंपाइल करताना डॅश-डब्ल्यू-ऑल, म्हणजे जास्तीचे इशारे मागणारा पर्याय, कधी सोडू नका. व्हॉइड मेनवर जीसीसी सीमध्ये कुरकुरतो, सी++ मध्ये सरळ नकार देतो. क्लँग या दुसर्‍या कंपायलरचे एरर वाचायला सोपे, चूक नेमकी कुठल्या अक्षराशी ते बाण दाखवतो. नवशिक्याला मी तोच देईन. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर उत्तम, पण इन्स्टॉलर कित्येक जीबी डिस्क खातो, आणि नव्या प्रोजेक्टात इनपुट वाचणारा साधा स्कॅनएफ लिहिला की ‘असुरक्षित, सी4996’ म्हणत अडवतो. दहा ओळींच्या प्रोग्रॅमसाठी एवढं लटांबर कशाला?

निघताना सरांनी व्हायव्हाचा ठरलेला प्रश्न ऐकवला: आय पाच असेल तर एकाच प्रिंटएफमध्ये आय-प्लस-प्लस (आधी वापर, मग एकने वाढव) आणि प्लस-प्लस-आय (आधी वाढव, मग वापर) छापल्यावर काय येईल? त्यांचं उत्तर ठाम: "उजवीकडून डावीकडे." भाषेने असं काहीही ठरवून दिलेलं नाही. हे अनडिफाइन्ड बिहेविअर, कंपायलर काहीही छापू शकतो. डब्ल्यू-ऑल लावलं तर जीसीसी आणि क्लँग दोघंही त्या ओळीवर इशारा देतात. पण ‘सांगता येत नाही’ हे एकमेव बरोबर उत्तर दिलं की शून्य मार्क. टर्बोच्या एका सवयीला नियम म्हणून पाठ केलेली पोरं इथून दरवर्षी फर्स्ट क्लासमध्ये बाहेर पडतात, आणि खर्‍या कोडमध्ये तीच ओळ लिहून आमच्याकडे पाठवतात. ती शोधायला आम्ही रात्री जागायचं.

पोरीने जर्नल पुन्हा लिहिलं. फाइलचं नाव आठ अक्षरांत बसवलं, व्हेरिएबलची डिक्लेरेशन सगळी स्क्रीन पुसायच्या सीएलआरएससीआरच्या वर नेली, नाहीतर डॉट-सी फाइलमध्ये ‘डिक्लेरेशन इज नॉट अलाउड हिअर’ येतं. सही मिळाली. प्रिंट याही वेळी ब्लॅक अँड व्हाइटच होती.