राणीसाहेबांची कुंडी

ज्या झाडाच्या नावातच ‘घाय’ आहे, त्याच्या अंगाला हात लावण्याआधी माणसाने दोनदा विचार करावा. मी एकदाही केला नाही.

माझी घायपात साधीसुधी नव्हे, बरं का! थेट राणी व्हिक्टोरियाच्या नावाची. अगेव्ह व्हिक्टोरिए-रेजिनी हे नाव थॉमस मूर या इंग्रज वनस्पतितज्ज्ञाने १८७५ साली ठेवलं. बाईंचं माहेर मात्र मेक्सिको. चिवावाच्या वाळवंटातल्या चुनखडीच्या उतारांवर, जिथे पाय ठेवला तर खडी घसरते, तिथे ही कपारीत मुळं रोवून सुखाने नांदते. अंगाने कोबीच्या गड्ड्यासारखी घट्ट. गडद हिरव्या पानांवर पट्टी धरून खडूने आखाव्यात तशा पांढऱ्या रेघा, आणि प्रत्येक पानाच्या टोकाला काळा, दाभणासारखा काटा.

हिची पहिली बहीण मी प्रेमाने मारली. रोज पाणी. ही जात दिवसा पानांवरची छिद्रं मिटून बसते आणि रात्रीच्या गारव्यात उघडते, म्हणजे थेंबही वाया जायला नको. अशा कंजूष बाईला मी तांब्या-तांब्याने पाजत होतो! एके दिवशी सहज बोट लावलं, तर अख्खं झाड कुंडीतून अलगद हातात आलं. खाली मुळं नव्हतीच, नुसता लगदा.

म्हणून या खेपेला माती कमी, खडी जास्त आणि बुडाला मोठं भोक असलेली कुंडी आणली. राहिलं फक्त स्थलांतर.

वर्तमानपत्राची जाड घडी करून झाडाभोवती गुंडाळावी आणि उचलावं, असं मी वाचलं होतं. गुंडाळली. राणीसाहेबांनी अग्रलेखासकट सगळी पानं भोसकली. मग जुना टॉवेल आणला. काटे टॉवेलात असे रुतले की आता टॉवेल सोडवायला दुसरा टॉवेल लागणार. शेवटी जाड हातमोजे घातले, कुंडी गुडघ्यात धरली आणि जोर लावला. कुंडी सुटली, झाड सुटलं, मी मागे बसलो आणि राणीसाहेब माझ्या मांडीवर!

माझी किंकाळी ऐकून बायको धावत आली. आधी झाडाकडे बघितलं, मग माझ्या मांडीकडे.

“अरे, रक्त कुंडीत सांडू नकोस. तिला ओल चालत नाही ना?”

आता राणीसाहेब नव्या कुंडीत ऐटीत आहेत. मी त्यांच्याकडे नुसता लांबून बघतो. पाण्याची झारी बायकोने लपवून ठेवली आहे.

एक गोष्ट मात्र मनात घोळते आहे. ही जात वीस-तीस वर्षं ढिम्म बसते, मग आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. फुलांचा दांडा चार मीटरपर्यंत जातो म्हणे.

वरच्या मजल्यावरच्यांना अजून सांगितलेलं नाही.