न गंजणारी सुरी आणि सांबरशिंगाची मूठ

‘पूर्वीच्या लोहाराने भात्यावर घडवलेली सुरी कधी गंजत नसे, कारण तिला गोमूत्रात पाणी दिलेले (म्हणजे लालबुंद तापवून त्यात बुडवून कडक केलेले) असे, तिची मूठ जंगलात आपोआप गळून पडलेल्या सांबरशिंगाची असे आणि लाखेने बसवली की ती जन्मभर हलत नसे,’ अशा आशयाचा एक संदेश कोल्हापुरातल्या मर्दानी खेळाच्या आणि शस्त्रप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांत हौसेने पुढे पाठवला जातो. हातघडणीच्या सुरीचे वेड असलेल्यांनीच तो आधी तपासायला हवा.

गंजाचा दावा येथील एका पावसाळ्यातच निकालात निघतो. गंजाला दाद न देणाऱ्या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागते आणि तसे पोलाद विसाव्या शतकाच्या आरंभी आले; त्याआधीच्या पात्याला तेलाचा हात हाच उपाय होता. यावर हमखास दिल्लीचा लोहस्तंभ पुढे केला जातो. तो टिकला मुख्यतः लोखंडातील फॉस्फरसमुळे, आणि त्यात कर्ब इतका कमी आहे की त्या लोखंडाच्या पात्याला धार धरणार नाही.

गोमूत्राच्या गोष्टीत थोडे तथ्य आहे. लालबुंद पाते नुसत्या पाण्यात बुडवले की त्याभोवती वाफेचे वेष्टन तयार होऊन थंड होण्याचा वेग मंदावतो. मूत्रातील क्षार ते वेष्टन मोडतात आणि पाते अधिक झपाट्याने निवते. परंतु हेच काम मिठाचे पाणीही करते, आणि इतक्या वेगाने निवलेले पातळ पाते वाकण्याचा किंवा तडकण्याचा धोका वाढतो. सुरीसाठी ट्रकच्या कमानपाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) पोलाद घेतले, तर त्याला तेलच मानवते. मुळात कर्ब नसलेले मऊ लोखंड कशातही बुडवले तरी कडक होत नाही. खरे कसब त्यानंतरचे आहे, आणि संदेशात नेमका त्याचाच उल्लेख नाही: कडक झालेले पाते घासून उजळ करायचे, पाठीकडून सावकाश ऊब द्यायची आणि वाळल्या गवताच्या काडीसारखा पिवळा रंग धारेपर्यंत सरकला, म्हणजे साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसचा टप्पा आला, की तत्काळ थांबायचे. धारेवर निळा रंग चढला तर ती मऊ पडते आणि पाणी पुन्हा द्यावे लागते.

लाख-राळेच्या मिश्रणाने तलवारीच्या मुठी बसवल्या जात, हे खरेच. मात्र लाख उष्णतेने मऊ होते आणि म्हणूनच सैल झालेली मूठ तापवून काढता व पुन्हा बसवता येते. जन्मभर न हलण्याची हमी कोणत्याही जाणत्या कारागिराने दिली नसती.

सांबरशिंगाचा सल्ला तर अंगाशी येणारा आहे. आपोआप गळालेले शिंगही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते आणि राधानगरीच्या अभयारण्यातून ते विनापरवाना उचलून आणणे हा गुन्हा आहे. म्हशींची वानवा नसलेल्या या जिल्ह्यात त्याची गरजही नाही. सांबरशिंग म्हणजे हाड. म्हशीचे शिंग नखासारख्या केराटिनचे असल्यामुळे तापवून दाबले की सपाट होते आणि घासल्यावर काळेभोर चमकते. फक्त ते पुरते वाळल्याशिवाय मुठीला लावू नये, नाहीतर आकसताना रिव्हेटपाशी चीर जाते.