गुलाबी नांगीची कोळंबी

या कोळंबीवरचा तुमचा लेख आवडला. पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सिनाल्फियस पिंकफ्लॉयडी या 2017 साली नामकरण झालेल्या कोळंबीबद्दल इतकं सविस्तर मराठीत वाचायला मिळालं, याचा मनापासून आनंद झाला. एका मुद्द्यावर मात्र आणखी लिहायला हवं होतं, तो म्हणजे रंग. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवला की काही दिवसांत सगळी गुलाबी छटा उडून जाते आणि बरणीत उरतो फिकट पांढुरका जीव. म्हणून जिवंतपणी काढलेला फोटो इतका मोलाचा! म्हणून जिवंतपणी काढलेला फोटो इतका मोलाचा! लाखो वर्षांच्या काळात पनामाची जमीन वर आली, समुद्र दुभंगला आणि एकाच कुळाच्या दोन शाखा कायमच्या वेगळ्या झाल्या. हे वाचताना अंगावर काटा येतो.

अजून एक छोटी दुरुस्ती. या कोळंबीचा 'टक्' आवाज नांगीचे दोन भाग एकमेकांवर आपटल्याने होतो असं लेखात म्हटलंय, पण तसं नाही. नांगी झपकन मिटते, पाण्याची चिळकांडी उडते, तिच्यामागे बुडबुडा तयार होतो आणि तो फुटतो, त्याचा तो आवाज. 2000 साली अतिवेगवान चित्रीकरणातून हे सिद्ध झालंय. तेवढं वाक्य कृपया बदला.