‘कॉलेजात शिकलेलं विसरा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मूळ कोणी लिहिला देव जाणे, पण दरवर्षी नव्या दमाने येतो. मजकूर साधारण असा: कॉलेजात शिकलेलं कामावर काहीच लागत नाही, ते विसरा. हिशेब सॉफ्टवेअर करतं, तेव्हा सॉफ्टवेअर शिका. पहिलं वर्षभर प्रश्न विचारू नका, अज्ञान उघडं पडतं. पहिली नोकरी डिझाइनचीच घ्या, मेंटेनन्स किंवा क्वालिटीला गेलात की तिथेच अडकलात. आणि दर वर्षाला कंपनी बदला. शेवटी ‘कटू पण सत्य’ आणि जोडलेले हात.

कटू किती ते ज्याचं त्यानं ठरवावं. सत्य किती ते बघू.

‘काहीच लागत नाही’ यात थोडं तथ्य आहे, ते आधी देऊन टाकतो. नोकरीत रोज कोणी हाताने इंटिग्रेशन करत बसत नाही. ड्रॉइंगची रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) कशी सांभाळायची, बीओएममध्ये (लागणाऱ्या सगळ्या भागांच्या यादीत) एक नट राहून गेला तर असेंब्ली लाइनवर काय गोंधळ उडतो, सप्लायरला मेल कसा लिहायचा, यातलं काही अभ्यासक्रमात नव्हतं. पण त्यावरून ‘काहीच नाही’वर उडी मारणं म्हणजे हद्द झाली.

एक साधा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा घ्या, २५ मिलिमीटरचा. ड्रॉइंगवर भोकाला एच७ आणि शाफ्टला जी६ असं फिट दिलंय, म्हणजे दोघांच्या मापांत किती फरक चालेल त्याची खूण. तक्ता उघडला की भोक २५.००० ते २५.०२१ आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३. म्हणजे सगळ्यात लहान भोक आणि सगळ्यात जाड शाफ्ट एकत्र आले तर मधली फट उरते ७ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सात हजारांश. आता यंत्र चालू झालं, शाफ्ट तापला, बाहेरचं हाउसिंग (ज्याच्या भोकात तो फिरतो तो भाग) तेवढं तापलं नाही. पोलाद दर अंशाला दहा लाखांत साधारण १२ भाग प्रसरण पावतं. दोघांत २० अंशांचा फरक पडला की २५ मिलिमीटरचा व्यास ६ मायक्रॉनने फुगतो. सातातले सहा गेले. उरलेल्या एका मायक्रॉनमध्ये तेलाचा थर कुठे राहणार? शाफ्ट धरणारच. आणि तोच तुकडा लेथवरून गरम गरम उतरवून लगेच मायक्रोमीटर लावलात, तर माप मोठं दिसणार आणि तुम्ही चांगला तुकडा रिजेक्ट करणार. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असं प्रमाण जगभर ठरवून ठेवलंय ते उगाच नाही.

जुन्या ऑपरेटरला हे हाताला कळतं. तो म्हणेल, ‘थांबा साहेब, गार होऊ द्या.’ किती वेळ थांबायचं, किती फरक पडतो आणि फिट बदलायचं की नाही, हे आकड्यांत सांगायला तुम्हाला घेतलेलं असतं. प्रसरणांक विसरलात तर पुस्तकात सापडेल. पण समोर जाम झालेला शाफ्ट हा मुळात उष्णतेचा प्रश्न आहे, हे सुचायला तो धडा कधीतरी डोक्यातून गेलेला असावा लागतो.

सॉफ्टवेअरचा मुद्दा मला जास्त घातक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. हिशेब सॉफ्टवेअरच करतं. मॉडेल कसं मांडायचं, आधार कुठे द्यायचे, मेश (भागाचे छोटे तुकडे पाडणारी जाळी) किती बारीक ठेवायचा, हे मात्र खुर्चीतला माणूस ठरवतो.

नॉर्वेत २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइपनर ए नावाच्या समुद्री तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा तळ चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवत होते. एका ठिकाणची भिंत फुटली, पाणी आत घुसलं आणि अख्खं बांधकाम फ्योर्डच्या तळाशी गेलं. माणसं वाचली, एवढंच नशीब. चौकशीत निघालं की तिथल्या जोडांचं फायनाइट एलिमेंट मॉडेल (असे छोटे तुकडे पाडून ताण काढणारा संगणकी हिशेब) फार ढोबळ होतं, त्यामुळे कातर-ताण खऱ्यापेक्षा सुमारे ४७ टक्के कमी आला. भिंती त्या हिशेबाने पातळ राहिल्या, आतल्या सळ्याही नीट रचलेल्या नव्हत्या. नंतर बारकाईने पुन्हा विश्लेषण केलं तेव्हा उत्तर आलं की भिंत ६२ मीटर खोलीवर फुटायला हवी. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती! आकडेमोड यंत्राला दोन्ही वेळा जमली, पहिल्यांदा त्याच्या पुढ्यात ठेवलेलं मॉडेलच कच्चं होतं.

स्क्रीनवरचं रंगीत चित्र पाहून ‘हे पटत नाही’ म्हणायचं तर पटण्यासारखं काय असतं ते ठाऊक हवं. एका टोकाला पक्क्या बसवलेल्या तुळईच्या मोकळ्या टोकावर तेच वजन ठेवून लांबी दुप्पट केली, तर टोक आठपट वाकतं. कागदाच्या कोपऱ्यावर दोन ओळींत हे निघतं. सॉफ्टवेअरने तिथे दीडपट दाखवलं तर मॉडेलमध्ये कुठेतरी घोळ आहे, एवढं नव्या माणसाला सुचलं तरी पुष्कळ. सॉफ्टवेअर जरूर शिका. पण बटणं दर आवृत्तीत जागा बदलतात, ती काही महिन्यांत कोणीही शिकतो.

आता ‘प्रश्न विचारू नका’. हा सल्ला देणाऱ्याला बहुतेक एखादा तापट साहेब भेटला असावा, त्याबद्दल सहानुभूती. तरीही कॅनडातल्या क्वेबेक पुलाची गोष्ट सांगतोच. सेंट लॉरेन्स नदीवर पूल उभारला जात होता. डिझाइनवर देखरेख करणारे सल्लागार थिओडोर कूपर हे तेव्हाचे मोठे नाव, पण ते न्यूयॉर्कला. साइटवर त्यांचे डोळे म्हणजे नॉर्मन मॅक्लूअर हा तरुण अभियंता. ऑगस्ट १९०७ मध्ये त्याला दिसलं की दाबाखालच्या एका मोठ्या भागाचा वाक वाढत चाललाय. त्याने मोजला. काही दिवसांपूर्वी इंचाच्याही आत होता, आता दोन इंचांच्या वर. साइटवरचे काही अनुभवी लोक म्हणाले, तो भाग बसवण्याआधीपासूनच वाकडा होता. मॅक्लूअर म्हणाला, नव्हता. आणि मापं घेऊन थेट न्यूयॉर्क गाठलं.

कूपरना गांभीर्य कळलं. पुलावर आणखी भार चढवू नका, अशी तार त्यांनी केली, पण ती पूल बांधणाऱ्या कंपनीच्या फिनिक्सव्हिलच्या कार्यालयात. साइटवर काम चालूच राहिलं. २९ ऑगस्टला संध्याकाळी पूल कोसळला आणि ७५ कामगार गेले. मूळ चूक त्याआधीची होती: गाळा (दोन खांबांमधलं अंतर) १६०० फुटांवरून १८०० फुटांवर नेला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळेत नव्याने केला नाही. हिशेब वरिष्ठांचा चुकला. वाक पाहून ‘हे बरोबर नाही’ म्हणणारा त्या सगळ्यांत बराच कनिष्ठ होता.

अर्थात विचारायचीही पद्धत असते. ‘सर, हे असं का?’ एवढंच म्हणालात तर साहेब वैतागणारच, त्यात त्यांचा फार दोष नाही. ‘ड्रॉइंगवर ४०.० आहे, तीन तुकड्यांवर ४०.३ येतंय, व्हर्निअरचं कॅलिब्रेशन तपासलंय, हे रिव्हिजन सी प्रमाणे आहे की डी?’ असं विचारलंत तर बहुतेक साहेब खुर्ची सरकवून बसायला सांगतात. मॅक्लूअरसारखी मापं घ्या, तारीख टाका, लेखी द्या. आणि निरोप प्रत्यक्ष काम थांबवू शकणाऱ्या माणसापर्यंत पोहोचला का, तेही बघा. क्वेबेकला नेमकं तेच राहिलं.

‘पहिली नोकरी डिझाइनचीच’ हा हट्ट मला कळतच नाही. वर्कशॉप न पाहिलेला डिझायनर कागदावर काय वाट्टेल ते काढतो. १९८१ च्या जुलैत अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हयात रीजन्सी हॉटेलमधले टांगते पादचारी मार्ग कोसळून ११४ माणसं मेली. मूळ कल्पनेत एकच लांब सळी वरून खाली दोन्ही मार्गांतून जाणार होती. वरच्या मार्गाखाली नट बसवायचा तर सळीवर पार तिथपर्यंत आटे पाडावे लागणार आणि उभारताना ते खराब होणार. म्हणून बनवताना एका सळीच्या दोन केल्या: वरची छतापासून वरच्या मार्गापर्यंत, खालची वरच्या मार्गाच्या तुळईला अडकवून खाली. दिसायला किरकोळ बदल. पण आधी वरच्या मार्गाचा नट फक्त त्याच मार्गाचं वजन पेलणार होता, आता खालच्याचंही त्याच्यावर आलं. भार दुप्पट. मूळचा जोडही नियमाला पुरेसा नव्हताच, पण हा बदल कोणी नव्याने हिशेब न करता मंजूर केला. फ्री बॉडी डायग्राम (एका भागावर कुठून किती बल येतं त्याची आकृती) काढलं असतं तर पाच मिनिटांत दिसलं असतं. आणि आटे पाडणाऱ्या माणसाजवळ थोडे दिवस उभा राहिलेला डिझायनर असता, तर मुळात तो जोड त्याने तसा काढलाच नसता.

क्वालिटी, टेस्टिंग, मेंटेनन्स इथे वस्तू कशा मोडतात ते रोज दिसतं. डिझाइनला नंतर जाता येतं. एकाच कामावर वर्षानुवर्षं बसवून ठेवणाऱ्या जागा असतात, हे नाकारत नाही. मग तिथून हलण्यासाठी धडपड करावी, पण पहिल्या दिवशीच कपाळाला हात लावायची गरज नाही.

राहिला दर वर्षाला कंपनी बदलण्याचा मुद्दा. पगार थकवतात, असुरक्षित काम करायला लावतात किंवा शिकायला काहीच नाही, तर वर्षसुद्धा थांबू नका. नाहीतर एक गोष्ट लक्षात घ्या: तुम्ही काढलेलं ड्रॉइंग टूलिंगला (साचे-हत्यारं बनवायला) जातं, मग प्रोटोटाइप, मग चाचणी, मग ग्राहकाकडे, आणि पहिली तक्रार यायला बरेचदा वर्ष उलटून जातं. बाराव्या महिन्याला निघालात तर ती तक्रार तुमच्या जागी आलेला माणूस सोडवतो, आणि पुढच्या कंपनीत तुम्ही तोच जोड पुन्हा तसाच काढता.